पुढचा खांदा

"इवाई, एक गोष्ट सांगायची व्हती."

नाही. असं सुरू केलं की समोरचा माणूस आधीच सावरून बसतो.

"इवाई, या साली पाऊस बरा हाये."

मग पावसावरच बोलणं होईल, चहा येईल आणि परत निघावं लागेल.

"इवाई, तुमी या साली कावडीले खांदा देऊ नका."

सूर्यभान शेताच्या धुऱ्यावर थांबला. हे वाक्य सरळ होतं. पण ते पोरीच्या बापानं पोराच्या बापाला, व्याह्याला, म्हणायचं नसतं. दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याला लागली होती. ओली काळी माती चपलेच्या तळाला धरून जड होत चालली होती. त्यानं काठीनं चपला खरवडल्या आणि पुन्हा चालू लागला.

"इवाई, धानोऱ्याचे लोक म्हनतात—"

हे त्याला बरं वाटलं. म्हणणारे दुसरे, आपण फक्त निरोप्या. पिंपळखुट्याची बाभळीची रांग दिसेपर्यंत त्यानं हेच वाक्य तोंडात घोळवलं.

*

आदल्या दिवशी, धानोऱ्याचा पार.

कावड दोन गावांची होती. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णेचं पाणी आणून धानोरा आणि पिंपळखुटा यांच्या शिवेवरच्या महादेवाला घालायचं. लांब जाड बांबूला दोन मोठे पितळी हंडे. पुढच्या टोकाला पिंपळखुट्याचे खांदे, मागच्या टोकाला धानोऱ्याचे. एकदा उचलली की देवळापर्यंत ती जमिनीला टेकू द्यायची नाही. मागच्यांना हंड्यापायी वाट दिसत नाही, म्हणून सगळ्यात पुढचा माणूस ओरडत जातो. खड्डा. गोटा. पाणी. तो म्हणेल तसे मागचे पाय टाकतात. त्या जागेला पुढचा खांदा म्हणत, आणि पुंजाराम जवान होता तेव्हापासून ती जागा त्याची होती.

मागच्या साली लढाईमुळं घासलेट मिळेना. गॅसबत्त्या निघाल्याच नाहीत. एका कंदिलावर माणसं पहाटे नदीतून वर आली, आणि चढावर पुंजाराम काहीही न ओरडता सरळ घळीत गेला. बांबू फिरला. मागचा हंडा नत्थुजीच्या मांडीवर आला. त्याला बैलगाडीत घालून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. हाड जुळलं, पण पाय आखूड झाला. कावड टेकली ती टेकलीच.

"पाय घसरला म्हनते," नत्थुजी म्हणाला. त्याचा पाय पाराखाली लोंबत होता. "घसरनारा मानूस वरडते तरी. हा मुक्यानं गेला."

"झोपेत असन."

"झोपेत कायचा, दारू टाकून असन," कोणीतरी मागून म्हणालं, आणि दोघेतिघे हसले. नत्थुजी हसला नाही.

"मले त्याचं काही नको. पायाच्या बदल्यात पाय मागून नाई राहिलो मी. मले फक्त सांगा म्हना, काय झालं व्हतं. साल झालं, कोनी सांगत नाई. तो या साली पुढं राहिला त धानोऱ्याचा एक खांदा लागनार नाई. आमची येगळी कावड."

"येगळी नेली त मंग देवळात कोन पयले जाईन?"

"लाठ्या घेऊन ठरवू."

हे कोणी हसण्यावारी नेलं नाही. मग एक जण सूर्यभानाकडं वळला. "तुमी सांगा त्याईले. तुमचे इवाई हायेत. तुमचं आयकतीन."

सगळ्यांना हे पटलं. इवायाच्या शब्दाला वजन असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. ते वजन पोरगी देणाऱ्याच्या शब्दाला नसतं, घेणाऱ्याच्या शब्दाला असतं, हेही प्रत्येकाला आपापल्या घरात माहीत होतं. त्या पारावर ते कोणाला आठवलं नाही. सूर्यभानाला आठवलं. तो कावड मंडळाचा धानोऱ्याकडचा पुढारी होता. त्यानं मान हलवली.

*

घरी.

"पोरगी येऊ द्या," रुख्मिणी म्हणाली. "मंग काय भांडायचं ते भांडा."

"कावड सोमवारी हाये."

"त मंग नका जाऊ."

"गेलो नाई त दोन गावं फुटतीन."

"फुटू द्या. गावं काही बाळंत होत नाई."

थोरली सिंधू. तिच्या सासरचे एका लग्नात आहेरावरून रुसले आणि पहिल्या बाळंतपणाला त्यांनी तिला धाडलं नाही. सांगावा आला तेव्हा मायलेकरांना अग्नी देऊन झाला होता. आता धाकटी वच्छला पुंजारामाच्या घरात होती. सातवा महिना सरत आला होता. पोळा झाला की धाडतो, असा पुंजारामानं शब्द दिला होता. रुख्मिणीनं बाजेची सुतळी नव्यानं विणून घेतली होती. शेक-शेगडीसाठी गोवऱ्या वेगळ्या रचून ठेवल्या होत्या. त्या गोवऱ्यांना ती कोणाला हात लावू देत नव्हती.

"मी गोड बोलतो," सूर्यभान म्हणाला.

"गोड बोलून कोनी कोनाले काढत नाई."

*

बाभळीखाली.

"या इवाई. पायीच आले?"

"बैल डवऱ्याले जुपले हायेत."

वच्छलानं तांब्या आणून ठेवला. वाकताना तिनं एक हात कमरेवर धरला. बापाकडं पाहून हसली, माय कशी आहे विचारलं आणि बरबटीच्या शेंगा तोडायला पाटाच्या कडेनं निघून गेली.

"पाऊस बरा हाये या साली," सूर्यभान म्हणाला.

"हाये."

"पऱ्हाटीले लागन तेवढा झाला."

"धानोऱ्यानं धाडलं ना तुमाले?"

"हो."

"मले काढाले."

"हो."

"मंग पऱ्हाटीचं काहून काढलं?" पुंजाराम हसला. रुंद खांद्यांचा, पिकल्या मिशांचा माणूस. गळ्यात तुळशीची माळ. "दारूचं म्हनतात ना?"

"म्हनतात काही जन. मी नाई म्हनत."

पुंजारामानं पाटाकडं पाहिलं. वच्छला लांब होती. "मले दिवस बुडाला की दिसत नाई," तो म्हणाला.

सूर्यभानाला वाटलं, हा वयाबद्दल बोलतो आहे. "आता आपलं सगळ्याईचंच—"

"तसं नाई. काहीच दिसत नाई. हात दिसत नाई. पुष्कळ सालं झाले. गॅसबत्ती असे तवर भागत व्हतं. अन् वाट पाठ व्हती, कुठं खड्डा, कुठं गोटा. मांगच्या साली पुरानं चढ खचला व्हता, ते मले कोनी सांगितलं नाई. मी पाठ व्हतं तसा गेलो."

"अन् तुमी सांगाचं नाई?"

"काय सांगू? पुढचा खांदा आंधळा हाये म्हनून?"

पुंजारामानं तांब्या सूर्यभानाकडं सरकवला.

"अमरावतीले गेलो व्हतो. घरी सांगितलं, बैल पाहाले जातो. डाक्टरनं डोळ्यात बत्ती मारून पाह्यलं. म्हने, बापाले व्हतं का? म्हनलं व्हतं. म्हने, मंग पोराले पाहा."

"जावयाले?"

"गुलाबचं अजून भागते."

पाटावर वच्छला ओच्यात शेंगा टाकत होती. सूर्यभान तिच्याकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "लग्नाच्या येळी सांगितलं नाई तुमी."

"नाई सांगितलं."

"काहून?"

"तुमी पोरगी देली असती?"

सूर्यभानानं खरं तेच सांगितलं. "नसती देली."

"मंग."

काठीवर सूर्यभानाची मूठ इतकी आवळली की बोटं पांढरी पडली. वाटेत जुळवलेल्या वाक्यांत यासाठी एकही वाक्य नव्हतं. पुंजारामानं ती मूठ पाहिली.

"बोला. शिव्या द्या. तुमचा हक हाये."

"तिच्यासमोर नाई."

मग पुंजारामच बोलला. उद्याच्या बैठकीत आपण होऊन सांगतो, खांदा दुखतो, दुसऱ्याला घ्या. सूर्यभानानं मात्र डोळ्यांचं कुठंही काढायचं नाही. घरीसुद्धा नाही. "माही धाकटी उजवायची हाये. अन् तुमच्या पोरीच्या पोटात आमचंच हाये. उद्या त्यालेही लोकं आंधळ्याचं म्हनतीन."

"अन् वच्छला?"

"पोळा झाला की धाडतो. बोललो ते बोललो. ते अन् हे येगळं."

परतताना सूर्यभानाला राग होता, आणि रागाखाली बरंही वाटत होतं. काम झालं होतं. पोरगी येणार होती. कोणी कोणाचा आवाज चढवला नव्हता.

*

बैठक.

कावड उचलण्याच्या आदल्या दुपारी सगळे खांदेकरी देवळात बसत. प्रत्येकाच्या हातात बेलाचं पान. ज्याच्या मनात कोणाविषयी गाठ असेल त्यानं ती तिथं बोलायची, ज्याच्याविषयी असेल त्यानं तिथंच उत्तर द्यायचं. मग "माझ्या मनात गाठ नाही" म्हणून पान पिंडीवर ठेवायचं. सगळ्यांची पानं पडल्याशिवाय बांबूला हात लावायचा नाही. दरवर्षी बांध, बैल, उसनी अवजारं असलं काहीबाही निघे आणि हसून मिटे.

सगळ्यात आधी पुंजाराम उठला. "या साली खांदा दुखते माहा. पुढं दुसरा कोनी घ्या." त्यानं पान ठेवलं.

इथं संपलं असतं.

"कोनता खांदा?" नत्थुजी म्हणाला. आखूड पाय पुढं पसरून तो खांबाला टेकून बसला होता.

"डावा."

"परवा त डाव्याच खांद्यावर नांगर घेऊन चालले व्हते म्हने."

मागं कोणीतरी खुसखुसलं.

"नत्थुजी, जागा सोडून राहिले ना ते," सूर्यभान म्हणाला. "झालं ना मंग."

"सोडून राहिले ते मले दिसते. काहून सोडून राहिले, ते इचारतो. इवाई तुमचे असतीन, पाय माहा हाये."

"खांदा दुखते म्हनून सांगितलं त्याईनं."

"मांगच्या सालीही दुखत व्हता का? म्हनून वरडले नाईत? खांद्यानं वरडतात का पिंपळखुट्यात?"

"तोंड सांभाळून बोल," पिंपळखुट्याचा एक जण उठला.

"तुमी सांभाळलं असतं त माह्या मांडीवर हंडा नसता आला."

धानोऱ्याचे दोघे उठले. पुजारी मधे हात पसरून उभा राहिला. नत्थुजी बसूनच होता. त्याला झटकन उठता येत नव्हतं.

"सूर्यभान," तो म्हणाला, "तुमी काल गेले व्हते. काय बोलनं झालं तुमचं?"

"खांद्याचंच."

"बेलाचं पान हाये तुमच्या हातात."

त्याईले दिवस बुडाला की

मले ठाऊक हाये पन ते

नत्थुजी, दारूचं काही नाई, ते

प्रत्येक वाक्य तिथपर्यंत येत होतं आणि पुढं बाज दिसत होती, नवी सुतळी, आणि बाजेवर कोणीच नाही. सगळे त्याच्याकडं पाहत होते. पुंजाराम पाहत नव्हता. तो पिंडीकडं तोंड करून उभा होता.

सूर्यभान पुढं गेला. "माझ्या मनात गाठ नाही," म्हणाला आणि पान ठेवलं. पान ओलं होतं. ते बोटाला चिकटलं. त्याला दुसऱ्या हातानं सोडवावं लागलं.

"ठीक हाये," नत्थुजी म्हणाला. "मंग मीच म्हनतो. पुंजारामजी, तुमी पेऊन व्हते. व्हते त हो म्हना. चुकी झाली म्हना. मी इथंच पान ठेवतो, तुमच्या पाया पडतो. नाई म्हनत असान त दुसरं काय व्हतं ते सांगा. तेही नाई, त आमी उठतो."

आता पुंजारामानं मान वळवून सूर्यभानाकडं पाहिलं. त्या नजरेत काही मागणं नव्हतं. दाराची कडी लागली आहे ना, एवढंच तो पाहत होता.

"हो," तो म्हणाला. "पेलो व्हतो."

मग मागून एक जण हळू म्हणाला, "गळ्यात तुळस असूनशान?"

ते विचारायचं म्हणून विचारलेलं नव्हतं, तोंडातून गेलं होतं. पण पुंजारामाचे हात गळ्याकडं गेले. गाठ सुटेना. त्यानं माळ डोक्यावरून ओढली, ती कानाला अडकली, पुन्हा ओढली. मग ती कुठं ठेवावी ते त्याला कळेना. जमिनीवर ठेवता येत नव्हती, पिंडीवर ठेवण्याचा हक्क आता नव्हता. तो ती मुठीत धरून उभा राहिला.

"राहू द्या ना," नत्थुजी म्हणाला. "हे कोनी म्हनलं व्हतं."

दोघांनी त्याला धरून उठवलं. लंगडत जाऊन त्यानं आपलं पान ठेवलं. "माझ्या मनात गाठ नाही," तो म्हणाला, पण त्याचा चेहरा गाठ सुटलेल्या माणसाचा नव्हता. पुंजारामाच्या पाया पडायला तो वळला, तेव्हा पुंजाराम देवळाबाहेर गेला होता.

*

कावड सोमवारी आली. एकच आली. कुठं टेकली नाही. पिंपळखुट्याचं कोणी पुढं होईना, म्हणून पुढच्या खांद्याला धानोऱ्याचा सूर्यभान होता. तो खड्डा म्हणाला तिथं खड्डा होता, गोटा म्हणाला तिथं गोटा होता.

*

पोळ्यानंतर.

गुलाब गाडीतून वच्छलाला घेऊन आला. सासूनं दिलेली शिदोरी उतरवली, गूळ-पाणी घेतलं आणि ऊन असतानाच उठला. "दिवस हाये तवर निघतो," म्हणाला. रुख्मिणीनं आग्रह केला. सूर्यभानानं केला नाही.

वच्छला जेवली. मायनं तिच्या पायांना तेल लावलं. बाज दाखवली, गोवऱ्या दाखवल्या. मग रुख्मिणी पाण्याला गेली आणि वच्छला ओट्यावर बापाजवळ येऊन बसली.

"बाबा, मामाजी पेत नाईत."

"हं."

"संध्याकाळी त्याईचा हात धरून मीच घरात आनतो. आमच्या घरात सगळ्याईले ठाऊक हाये. बाहेर बोलायचं नाई, एवढंच." ती थांबली. "तुमाले ठाऊक हाये का?"

नाही म्हणता आलं असतं.

"हाये," तो म्हणाला.

"बैठकीच्या मांगून समजलं का?"

"आधी."



"मंग तुमी तिथं बसून व्हते."

"पोरी, तुह्यासाठीच—"

"माह्यं नाव नका घेऊ त्यात."

तिनं ते मोठ्यानं म्हटलं नाही. मायची घागर वेशीत दिसेपर्यंत ती तुटक तुटक सांगत राहिली. भजनाला मामाजींना बोलावत नाहीत. पोळ्याच्या तोरणाखाली त्यांची जोडी सगळ्यात मागं उभी केली. लोक म्हणतात, मोठ्या मनानं कबूल केलं, आणि घरात पाय ठेवत नाहीत. विहिरीवर सासूशी बाया बोलत नाहीत. आणि सासू घरात मामाजींशी बोलत नाही, कारण तुम्ही खोटं का बोललात, याचं उत्तर ते देत नाहीत.

"ते दोघं भिंतीकडं तोंड करून जेवतात," वच्छला म्हणाली. "मी मधात बसून वाढत व्हतो. आता मधात बसनारं कोनीच नाई. मी इथं येऊन तुमच्या बाजेवर झोपू?"

"बाळंतपन होऊ दे. मंग जाजो."

"सकाळी गाडी जुपा, बाबा. नाई त मी पायी जातो."

रुख्मिणी ओरडली नाही. रात्रभर ती पोरीला जवळ घेऊन पडली होती, आणि सकाळी, बैल जुंपले जात असताना, नवऱ्याजवळ येऊन उभी राहिली. "काय केलं तुमी तिथं?" तिनं विचारलं. "मले सांगा. मी तिले समजावतो."

घरीसुद्धा नाही, असं ठरलं होतं. सूर्यभानानं जोत्याची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली. रुख्मिणी थोडा वेळ थांबली, मग आत गेली. गाडी वेशीबाहेर पडली तेव्हाही ती दारात नव्हती.

वाट उन्हाची होती. चिखल वाळून चाकोऱ्या कडक झाल्या होत्या, आणि गाडी हिसका खाई तेव्हा वच्छला दोन्ही हातांनी पोट धरी. सूर्यभान बैल सावकाश हाकत होता. तरी हिसके बसत होते. ती एकदाही काही म्हणाली नाही.

पिंपळखुट्यात गाडी थांबली. पुंजाराम गोठ्यातून आला. गळा उघडा होता. माळेच्या जागी कातडीवर फिकट रेघ राहिली होती. त्यानं सुनेला उतरताना पाहिलं, तिचं गाठोडं पाहिलं.

"काहून आनली?"

"ती म्हनाली."

"ती म्हनाली, अन् तुमी आनली." त्याचा आवाज बसला होता. "इवाई, मंग मी ते कायच्यासाठी केलं? पोरगी मायजवळ सुखानं बाळंत व्हावी म्हनूनच ना?"

गल्लीत दोन बाया डोक्यावर घागरी घेऊन थबकल्या. पलीकडच्या ओट्यावर एक म्हातारा बसल्या जागी पुढं झुकला. सूर्यभान जुवाजवळ तसाच बसून राहिला. खाली उतरायचं तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

वच्छलानं गाठोडं उचललं. सासऱ्याच्या अंगावरून आत जाताना ती म्हणाली, "मामाजी, भाकर टाकतो. हात धुऊन या."

पुंजाराम हलला नाही. दारातून गोदाबाई, त्याची बायको, बाहेर आली. तिनं सुनेला पाहिलं, नवऱ्याला पाहिलं, आणि मग पदर ओढून गाडीपाशी आली.

"निघा आता, इवाई," ती हळू म्हणाली. "लोकं पाहून राहिले."

सूर्यभानानं बैलांचा कासरा ओढला. गल्ली अरुंद होती. गाडी वळवायला जागा नव्हती. शेवटी त्याला खाली उतरावंच लागलं, आणि बैलांना मागं रेटत, पुंजारामाच्या अगदी जवळून, गाडी उलटी बाहेर काढावी लागली.